रविवारपुरतं इंग्रजी

१५ जानेवारी, रविवार

अकराला फोन आला. अनोळखी नंबर. पुरुषाचा आवाज, सगळं इंग्रजीत. पोरीचं नाव दोनदा घेतलं, मग 'हॉस्पिटल' म्हणाला.

पुढचं काही कळलं नाही. मी नुसतं हॅलो हॅलो करत राहिलो. मग तो सावकाश बोलायला लागला, एकेक शब्द सुटा करून. सुटे केले म्हणून माझ्या काय उपयोगाचे! कोण हॉस्पिटलात, ती की तू, झालंय काय — मी मराठीत विचारत होतो, तो इंग्रजीत सांगत होता. शेवटी दोघंही गप्प झालो आणि फोन बंद झाला.

तिचा नवरा. लग्नाला पाच वर्षं झाली, आवाज आज पहिल्यांदा ऐकला.

शर्टाची बटणं खालीवर लावून तसाच डॉक्टरांच्या घरी गेलो. त्यांच्याच दवाखान्यामागच्या खोलीत एकतीस वर्षं कवळ्या बनवतोय, पण घरी कधी गेलो नव्हतो. ते जेवत होते. ताटावरून उठले, हात धुतले, माझ्या फोनवरून तो नंबर लावला. 'येस, येस, ओके.' मध्येच हसलेसुद्धा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा. जन्म तोंडांत गेला माझा, पण त्या तोंडातलं एक अक्षर कळेना.

अपेंडिक्स. ऑपरेशन गुरुवारीच झालं. आज घरी आणलं. बरी आहे. जीव भांड्यात पडला.

निघताना डॉक्टर म्हणाले, तिने कळवायला सांगितलं नव्हतं, त्यानेच आपणहून फोन केला. वडिलांना ठाऊक असायला हवं, असं त्याला वाटलं म्हणे.

माझ्या मुलीचं पोट कापलं आणि ते मला तिसऱ्या माणसाने सांगितलं, तेही भरल्या ताटावरून उठून. घरी येऊन बराच वेळ लाज वाटत होती. नुसता खुर्चीत बसून होतो.

१६ जानेवारी, सोमवार

एक वरचा जबडा ओतला, दोन खालचे. माझ्याकडे तोंडं येतात, माणसं येत नाहीत. डॉक्टर पुढच्या खोलीत माप घेतात, ते ओलं माप आत माझ्याकडे येतं, मी त्यात प्लास्टर ओततो, सुकलं की बुडाला पेन्सिलीने नंबर टाकतो. फळीवर वीस-बावीस जबडे आ वासून बसलेले असतात. एकही बोलत नाही. इतकी वर्षं ते बरंच वाटायचं.

१८ जानेवारी, बुधवार

सायकलच्या दुकानावर एक पाटी आहे. रोज जाता-येता बघतो. मोठ्या माणसांसाठी इंग्रजी, सोम-बुध-शुक्र, सकाळी सात ते आठ. आज जिना चढलो.

बाई पूर्वी टायपिंग शिकवायच्या. टाइपरायटर गेले, बाई राहिल्या. सात विद्यार्थी होते, मी आठवा आणि सगळ्यांत म्हातारा. शेजारी एक टॅक्सीवाला बसतो. त्याच्या हातात सतत किल्ल्या वाजत असतात, वर्गातूनही कुणाला तरी कुठे सोडायचंय असं वाटतं.

भिंतीवर सहा मोठे कागद लावलेत. प्रत्येकावर एक क्रियापद — मेक, डू, टेक, हॅव, गेट, कीप. बाईंचं म्हणणं, या सहांवर माणसाचा अख्खा दिवस निघतो, व्याकरणाचं नंतर बघू. आपण काल काय केलं ते प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं आणि ज्याच्या त्याच्या कागदावर जाऊन लिहायचं. अट एकच. वाक्य खरं हवं. खोटं वाक्य डोक्यात राहत नाही म्हणे.

मराठीत किती बरं होतं! अंघोळ करतो, काम करतो, फोन करतो, लग्न करतो, चूक करतो. 'करणे' हा एकटा गडी सगळं घर ओढतो. इंग्रजांनी प्रत्येक कामाला वेगळा माणूस ठेवलाय. अंघोळ घ्यायची — टेक. भांडी — डू. अंथरूण आवरलं तर मेक. अंथरूण बनवायचं? मी काय गादीवाला आहे?

टॅक्सीवाल्याने काल हवा खायला गेलो त्याचं 'ईट एअर' केलं. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या हसतच नाहीत. म्हणाल्या, तिकडे वॉक घेतात, या, 'टेक'वर लिहा.

मला कुणी विचारलं नाही कशाला शिकताय. विचारलं असतं तर काय सांगणार होतो? हॉस्पिटलनंतरचं ऐकू यावं म्हणून.

२० जानेवारी, शुक्रवार

माझी वाक्यं. आय मेक माय बेड. आय टेक अ बाथ. आय मेक टी. आय डू माय वर्क. आय डू द डिशेस.

दिवस संपला.

बाई म्हणाल्या, छान, आता 'हॅव'वर एखादं. हॅव ब्रेकफास्ट, म्हटलं. ते झालं, आणखी? मी त्या कागदावर बाकीच्यांनी लिहिलेलं वाचलं. हॅव अ चॅट. हॅव गेस्ट्स. हॅव अ फाइट. हॅव अ गुड लाफ. या सगळ्याला दुसरं माणूस लागतं. साधं भांडायलासुद्धा लागतं.

'आय हॅव अ हेडेक' सांगितलं आणि बसलो. तेवढं एक एकट्याने जमतं.

'कीप'वर एक खरं वाक्य आहे माझ्याकडे, रोजनिशीचं. ते सांगितलं नाही. उगाच कुणीतरी विचारायचं, काय लिहिता?

२२ जानेवारी, रविवार

अकराला बरोब्बर फोन. मी साडेदहापासून समोर घेऊन बसलो होतो. इस्त्रीचा शर्ट घालून! फोनवर काय दिसणार होता शर्ट.

'गुड मॉर्निंग. हाऊ इज शी?' पाठ करून ठेवलं होतं. त्याचं उत्तर लांबलचक. त्यातलं 'गुड' आणि 'वॉकिंग' कळलं, तेवढ्यावर भागवलं. त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. मागे नळ वाहत होता, भांडी वाजत होती. मी बोलायला लागलो तसा नळ बंद झाला.

शेवटी 'नेक्स्ट संडे?' असं विचारलं त्याने. येस, येस, येस म्हटलं. तीनदा म्हणायची काही गरज नव्हती.

२९ जानेवारी, रविवार

आज विचारलंच. 'व्हेअर इज शी?'

जरा थांबला. मग म्हणाला, 'इन द किचन, सर.'

म्हणजे भांडी ती घासते. नळ तिचा. आणि मी तोंड उघडलं की तो बंद होतो. उठून जात असणार. माझा आवाजसुद्धा नको झालाय तिला.

दुपारी जेवलो नाही. भूक होती, पण मांडून घ्यायचा कंटाळा आला.

१ फेब्रुवारी, बुधवार

वर्गात खोटं बोललो.

'हॅव'ची पाळी आली, सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तोंडातून निघून गेलं — आय हॅड अ चॅट विथ माय डॉटर. कागदावर जाऊन लिहिलंही, चांगलं ठसठशीत अक्षरात. टॅक्सीवाल्याने विचारलं, काय म्हणाली मग? म्हटलं, रोज फिरायला जाते. शी टेक्स अ वॉक. आणखी? मांजर पाळलंय. शी कीप्स अ कॅट.

मांजर कुठून आलं कोण जाणे. तिला लहानपणी मांजराची शिंक यायची.

८ फेब्रुवारी, बुधवार

मांजराला पिल्लं झाली. तीन. वर्ग खूश आहे.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज पंधरा मिनिटं बोललो. म्हणजे त्यात पाच मिनिटं दोघं शब्द शोधत होतो, पण फोन चालू होता. मी सांगितलं, आय मेक टीथ. त्याला वाटलं मी चुकलो. मग कवळीचं समजावून सांगितलं तेव्हा हसला. तो लिफ्टा दुरुस्त करतो. त्याची भाषा तिसरीच. इंग्रजी त्यानेही माझ्यासारखीच नंतर शिकलेली आहे, मध्येच अडतो. अडला की उसासा टाकतो, मीही टाकतो. तेवढं दोघांच्या भाषेत सारखं आहे.

'टेक केअर, सर' म्हणाला शेवटी. काळजी घ्या. मला असं म्हणणारं दुसरं कुणी नाही सध्या.

वाईट माणूस नाही. हे पाच वर्षांपूर्वीही बघता आलं असतं.

नळ आजही बंद झाला.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

वर्ग सुटल्यावर बाईंनी थांबवलं. खिडकी लावता लावता म्हणाल्या, "तुमची मुलीची वाक्यं बरोबर आहेत. पण खरी नाहीत."

मी विचारलं, कशावरून? आवाज चढला माझा. मांजराचं कुणी सांगणं शक्यच नव्हतं.

"मुलीशी रोज बोलणारा माणूस कधीतरी तिच्याबद्दल कुरकुर करतो. एका महिन्यात तुम्ही एकदाही केली नाहीत."

मी खाली उतरलो. सायकलवाला पंक्चर काढत होता. त्याला काही कारण नसताना विचारलं, आज लवकर उघडलंत? त्याने हो म्हटलं. मग कामावर गेलो.

१९ फेब्रुवारी, रविवार

फोन आला. हवा, जेवण, लिफ्टा. ती बरी आहे, कामावर जायला लागली. नळ बंद.

बाईंमुळे डोक्यात घोळतंय, तर लिहूनच टाकतो. इथे तरी खरं लिहायला हवं.

पाच वर्षांपूर्वी ती माझ्या कामाच्या खोलीत आली होती. तिची आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची. पुढची बारा वर्षं आम्ही दोघंच. तिला बोलायचं असलं की ती माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायची, मी मेणात दात बसवायचो, ती बडबडायची. त्या दिवशी स्टुलावर बसली नाही. उभ्याउभ्या सांगितलं — लग्न ठरवलंय, अमुक तारखेला, बाबा, तुम्ही यायचंय. कुणाशी ते मला आधी कळलेलं होतं. मी हातातली कवळी घासत होतो. मशीन बंद केलं नाही. मान वळवली नाही. म्हटलं, 'जाताना दार ओढून घे.'

तिने ओढून घेतलं. अगदी हळू. धाडकन आपटलं असतं तर मी उठलो असतो. असं मी पाच वर्षं स्वतःला सांगतोय. कवळी त्या दिवशी फार गुळगुळीत झाली होती, एवढं आठवतं.

लोकांना सांगितलं, त्याची भाषा वेगळी, रीत वेगळी, माझ्याशी बोलणार कसा? ते कारण नव्हतं. ती गेली की घरात मी एकटा उरणार होतो, हे कारण होतं. आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून रागावलो.

नंतर तिचे दोन फोन आले. घेतले नाहीत. तिसरा आलाच नाही.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

एकतीस वर्षांत झालं नाही ते झालं.

गेल्या आठवड्यात काम करताना 'टेक'च्या जोड्या म्हणत होतो. फळीवरून वरचा जबडा उचलला तो एका निवृत्त हेडमास्तरांचा, खालचा उचलला तो पुस्तकांच्या दुकानवालीचा. नंबर बघितलाच नाही. दोन्ही बिजागरीच्या यंत्रात चढवले. मध्ये ठेवायचा मेणाचा चाव, म्हणजे पेशंटने तोंड मिटून दिलेला ठसा, बसेना. नवशिका असता तर थांबला असता. मला मात्र वाटलं, मेणच वाकलंय. मेण तापवलं, दाबलं, बसवलं. वरखाली दात लावले. यंत्रात असा सुरेख चाव बसला की मीच खूश!

आज डॉक्टरांनी तो मेणातला नमुना हेडमास्तरांच्या तोंडात लावून बघितला. तोंड मिटेना. ते बिचारे तसेच आ करून घरी जायला निघाले होते म्हणे.

डॉक्टर आत आले. हातात नमुना. "कवळीवाले, हे काय आहे?"

आजवर असं काही झालं की माझ्याकडे उत्तर तयार असायचं. प्लास्टर फुगलं. माप हललं. पेशंटच्या हिरड्याच बसल्या. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक झालेली नाही, सगळ्या प्लास्टरच्या हातून झाल्यात. आजही तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते — 'आय मेड अ मिस्टेक, डॉक्टर.'

डॉक्टर बघतच राहिले. मग हसायला लागले, टेकायला भिंत शोधायला लागली त्यांना. म्हणाले, बदलून टाका, होतं असं.

झालं. एवढंच.

१ मार्च, बुधवार

काल रात्री जेवताना आणि आज दिवसभर एकच विचार. ते वाक्य इतक्या सहज कसं निघालं?

मराठीत 'चुकलो' कधी म्हटलेलं आठवत नाही. बायकोला नाही, मुलीला तर नाहीच. शब्द घशाशी येतो आणि तिथेच बसतो. इंग्रजीतलं म्हणजे दुसऱ्याची कवळी लावून बोलल्यासारखं. दातही आपले नाहीत, चावही आपला नाही. बोलून काढून ठेवायची.

मग असंच त्यालाही सांगता येईल. इंग्रजीत. तो तिला सांगेल. तिला माझा आवाज ऐकावा लागणार नाही आणि मला मराठीत बोलावं लागणार नाही.

५ मार्च, रविवार

जमलं नाही.

फोन आला, गुड मॉर्निंग झालं, नळ बंद झाला. मी म्हटलं, 'आय... आय मेड...' आणि दातखिळी बसली. तो 'येस, सर?' म्हणत वाट बघत होता. शेवटी 'आय मेड टी' असं सांगितलं. तो म्हणाला, 'व्हेरी गुड, सर.'

एकसष्टीला आलेला माणूस आणि रविवारी सकाळी एका लिफ्टवाल्याला चहा केल्याचं कळवतो. स्वतःचा इतका राग आला की चहा ओतून दिला.

८ मार्च, बुधवार

बाईंना लवकर जाऊन भेटलो. वर्गात कुणी नव्हतं. वाक्यं लिहून नेली होती, ती पुढे केली. मांजर खोटं होतं हेही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, पिल्लं झाली तेव्हाच कळलं होतं.

वाचलं त्यांनी. एका ठिकाणी खाडाखोड केली. मला 'दोष माझा' असं म्हणायचं होतं. म्हणाल्या, टेक द ब्लेम. दोष घ्यायचा. गंमत वाटली. आपल्याकडे दोष देतात, लावतात, काढतात, माथी मारतात. स्वतः होऊन घेताना मी तरी कुणाला बघितलेलं नाही.

"आता वाक्यं बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. "खरी आहेत का?"

हो म्हटलं.

"मग कागदावर लिहू नका. ही भिंतीसाठी नाहीत."

१० मार्च, शुक्रवार

पाठ केलं. अंघोळीत, रस्त्यात, कामावर. आता जबडे उचलताना आधी नंबर वाचतो, मग म्हणतो. हेडमास्तरांची कवळी तयार झाली. त्यांनी निरोप पाठवला, बिस्किट चावता आलं.

१२ मार्च, रविवार

सांगितलं!

गुड मॉर्निंग झाल्याझाल्या. हवेचं विचारू दिलं नाही त्याला. कागद समोर होता पण बघावा लागला नाही. आय मेड अ मिस्टेक. फाइव्ह इयर्स बॅक. शी केम टू माय वर्कशॉप. आय डिड नॉट टर्न. आय टेक द ब्लेम. प्लीज टेल हर.

मध्ये एकदाही अडलो नाही. आवाज जरा मोठा झाला असेल, शेजारच्या घराची खिडकी लागल्याचं ऐकलं.

नळ तर आधीच बंद झालेला. पलीकडे इतकी शांतता की मला वाटलं फोन कट झाला. मग तो म्हणाला, 'थँक यू, सर.' मग 'शी...' म्हणाला आणि थांबला. काहीतरी सांगणार होता. फोन बंद झाला. त्याने ठेवला की कुणी ठेवला, कळलं नाही.

परत लावावा का? लावला नाही. दुपारभर फोन खिशात घेऊन घरात फिरत होतो, या खोलीतून त्या खोलीत. दोनच खोल्या आहेत.

१५ मार्च, बुधवार

बाईंनी 'कीप'वर वाक्य मागितलं. आय कीप वेटिंग, म्हटलं. टॅक्सीवाल्याला वाटलं मी त्याच्या धंद्याबद्दल बोलतोय. लिहा म्हणाल्या. लिहिलं.

१७ मार्च, शुक्रवार

वर्गात गेलो नाही. तिला सांगितलंही असेल त्याने, आणि तिला नको असेल. तसं असलं तर तिचंही बरोबर आहे. तिने दोनदा फोन केला होता, मी घेतला नव्हता. आता रविवारचाही जाणार. पंधरा मिनिटं का होईना, कुणीतरी 'टेक केअर' म्हणत होतं. तेही मीच घालवलं.

१९ मार्च, रविवार

अकरा वाजले. फोन नाही. सव्वाअकरा. मी शर्ट काढून खुंटीला लावला. साडेअकराला वाजला.

गुड मॉर्निंग म्हणालो.

"बाबा, मी बोलतेय."

मी खुंटीवरचा शर्ट काढून पुन्हा अंगात घातला.

"दर रविवारी मी इथेच असते. तो फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतो, मी ओट्याशी उभी असते. तुम्ही बोलायला लागलात की नळ बंद करते, पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही तुमचं." तिचा आवाज मधेच फाटला, मग सरळ झाला. "गेल्या रविवारचंही ऐकलं. पण ते त्याला का सांगितलंत? त्याचं काय वाकडं केलंय तुम्ही? मला सांगा. आणि मराठीत सांगा."

नळ. ती उठून जात नव्हती! आठ रविवार मी तो नळ उलटाच ऐकला.

मराठीत काही पाठ केलेलं नव्हतं. समोर इंग्रजीचा कागद होता, तो काय कामाचा. घशाशी येऊन नेहमीसारखं अडलं. ती थांबून राहिली. मी मशीन बंद न करता पाठमोरा बसलो होतो तेव्हाही ती अशीच थांबून राहिली असणार, दार ओढून घेण्याआधी.

'चुकलो' म्हणालो. तेवढाच शब्द निघाला. त्याच्या जोडीला दुसरा काही लागला नाही.

पलीकडे ती रडत होती. इकडे मीही. बऱ्याच वेळाने तिने नाक ओढून विचारलं, भाजीत मीठ अजून तितकंच घालता का?

जावयाचा आवाज आला मागून, 'गुड मॉर्निंग, सर.' जावई लिहिलं मी. पहिल्यांदाच.

२० मार्च, सोमवार

बाईंनी वाक्य विचारलं. म्हटलं, आज मराठीत सांगतो. पोरगी फार बोलते हो. एक तास दहा मिनिटं! माझं मीठ काढलं, चष्मा काढला, डॉक्टरांकडे कधी जाणार म्हणून पिच्छा पुरवला. दुसऱ्याचं ऐकूनच घेत नाही. कान अजून दुखतोय.